टिटव्यांनी माळ सोडला, असं मामा म्हणाले

आमच्या माळावरचे रातकिडे सगळ्यात आधी संपले. हे मला मामांनी सांगितलं. मामा म्हणजे माझे सासरे. सांगितलं म्हणजे मला नाही, कुत्र्याला सांगितलं. आमच्याकडं सासरा सुनेशी थेट बोलत नाही आणि सून सासऱ्यापुढं आवाज काढत नाही, त्यामुळं मधे कुणीतरी लागतं. घरात सासूबाई असतात. माळावर कुत्रं असतं.

"ऐकलंस का रं," मामा कुत्र्याला म्हणाले, "रातकिडे संपले. फवारण्यांनी खाल्ले."

कुत्र्यानं कान खाजवला. दिवस मावळायला आला होता, मी शेळ्या वळवत होते, आणि गवतातून रातकिड्यांनी अशी किरकिर लावली होती की माझं डोकं उठलं होतं. मला वाटलं, मामा थट्टा करायलेत. पण मामांनी उभ्या जन्मात थट्टा केल्याचं कुणी सांगत नाही. मी पदर सारखा केला आणि शेळ्या पुढं हाकल्या.

माझं माहेर पूर्णेचं. वडील रेल्वेत. आमच्या क्वार्टरसमोर कावळे होते, चिमण्या होत्या, बाकी सगळ्या गाड्याच. कोणती गाडी कितव्या फलाटावर लागणार ते मी झोपेत सांगितलं असतं, पण पाखरांचं विचाराल तर उडतंय ते पाखरू, एवढंच. लग्न होऊन जिंतूरच्या पुढं या माळावर आले तेव्हा घरात मेंढरं, शेळ्या, आणि मेंढरांच्या वासाचे सगळे कपडे. पुढं आमच्या मालकांनी मेंढरं सोडली आणि पिकअप धरला. मेंढरं मामांकडं राहिली, शेळ्या माझ्या गळ्यात पडल्या. सकाळची भाकर-भाजी उरकली की मी फडक्यात जेवण बांधून माळावर जायची ती दिवस बुडता परत.

तिथं माझं शिक्षण झालं. कुत्र्याच्या नावानं झालं, पण झालं.

"बघ रं," मामा कुत्र्याला म्हणायचे, "ते भुईवर तुरुतुरु पळतंय, थांबतंय, पुन्हा पळतंय. त्याला उडता येतं, पर कंटाळा करतंय." त्या पाखराचं नाव त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते त्याला पळणारं म्हणायचे. पखुर्ड्या, म्हणजे मातीच्या रंगाची, कबुतराएवढी पाखरं, सकाळी ऊन चढलं की डबक्यावर यायच्या, घाईघाईनं चार घोट प्यायच्या आणि उडून जायच्या, एसटी थांबल्यावर उतरून चहा पिणाऱ्या माणसांसारख्या. वैशाखात दगडादगडावर सरडे बसायचे आणि गळ्याखालची निळी पिशवी फुगवून दाखवायचे. "लग्नाला आलाय," मामा कुत्र्याला म्हणाले. मी दुसरीकडं बघितलं. ओढ्याच्या काठाला खोकडाचं बीळ होतं. पिल्लं सकाळी बाहेर येऊन उन्हात बसायची आणि आमच्या शेळ्यांकडं असं बघायची, जसं काही आम्हीच त्यांच्या घरात घुसलो. खरं म्हणजे घुसलोच होतो.

मला काही विचारायचं असलं की मीही कुत्र्यालाच विचारायची. पदर तोंडाशी धरून, हळू. लांब नीलगायी दिसल्या तर म्हणायची, "मामांना इचार, हे रोही रानात मीठ कुठून खातेत?" मामा क्षितिजाकडं बघत कुत्र्याला उत्तर द्यायचे. कुत्रं बिचारं कधी माझ्याकडं, कधी त्यांच्याकडं बघायचं. त्याला सगळी माहिती होती, पण त्याचा त्याला काही उपयोग नव्हता.

मग कधीतरी मामा उत्तर देईनासे झाले. मी विचारायची, ते मेंढराच्या पायातला काटा काढत बसायचे. पहिल्यांदा वाटलं, कामात आहेत. मग वाटलं, माझ्या प्रश्नांना वैतागले. मला राग आला. मनात म्हटलं, नका सांगू, माझं काय अडलंय. मी विचारायचं सोडून दिलं, आणि त्याचं मला वाईट वाटलं ते वेगळंच.

रातकिड्यांनंतर चंडोल गेले. चंडोल आमच्याकडं ढिगानं. नर सरळ वर चढतो, चढता चढता गातो, आणि वर टांगल्यासारखा राहून गातच बसतो. मामांच्या पटक्याच्या बरोबर वर एक असा टांगलेला होता आणि खाली मामा कुत्र्याला सांगत होते, "चंडोल ऱ्हायला न्हाई. ह्या टावरनं मारला." टेकडीवर मोबाईलचा टॉवर नवा उभा राहिला होता. त्या दिवसापासून मामा सकाळी माळावर चढले की आधी टॉवरकडं तोंड करून दोन शिव्या हासडायचे, मग मेंढरं सोडायचे.

मग लावे गेले. त्याला कारण पुन्हा फवारणी.

आता यात कुणाला शंका का आली नाही, असं कुणी म्हणेल. शंका कशी येणार? फवारणी होतीच. टॉवर होताच. कुणीही म्हातारा पारावर बसून पाखरं संपली म्हणाला की चौघं मान हलवतात, आणि त्यातले तिघं तर पाखरांकडं बघतही नाहीत. मामांचं म्हणणं वस्तीला पटत होतं. फक्त माझीच पंचाईत होती, कारण संपलेली सगळी पाखरं माझ्या कानाशी ओरडत होती.

लांडगा आला त्या दिवशी माझी खात्री पटली. दुपारची वेळ. मामा बाभळीखाली तंबाखू मळत होते. ओढ्याच्या अंगाला टिटव्या उठल्या आणि जो काही गलका सुरू झाला, बाप रे! टिटवीचं असं आहे की ती एरवीही ओरडते, पण लांडगा दिसला की फाटक्या आवाजात, अंगावर धावून जात ओरडते. हे मला मामांनीच शिकवलेलं. पूर्वी टिटवीनं नुसता सूर बदलला की मामा काठी घेऊन उभे. आता मेंढरांनी माना वर केल्या, कुत्रं धावलं, मी "मामा, मामा" म्हटलं. पदरातच म्हटलं, सवय. मामांनी तंबाखूवर चुना लावला. लांडग्यानं एक करडू उचललं आणि टेकडीमागं गेला. कुत्रं थोडं लांबपर्यंत जाऊन मान राखून परत आलं.

मामांनी उठून सगळं बघितलं. मग कुत्र्याला म्हणाले, "बघ. टिटव्या असत्या तर वरडल्या असत्या. त्याबी गेल्या."

माझ्या कानात अजून टिटव्या वाजत होत्या.

टिटव्या मामांच्या डोळ्यांना दिसत नव्हत्या का? दिसत होत्या. पण मामा म्हणायचे, त्या वाटसरू, पाणी हुडकत चाललेल्या. घरची टिटवी मुकी नसते.

त्याच आठवड्यात मालक पिकअप घेऊन घरी येत होते आणि मामा गाडीवाटेच्या मधोमध चालले होते. मालकांनी हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग हॉर्नवर हात ठेवूनच मागं मागं चालवत आले. शेवटी खाली उतरून खांद्याला हात लावला, तेव्हा मामा दचकले आणि मुलावरच खेकसले, "हॉर्न वाजवायला काय झालं व्हतं?"

मालकांनी मला हे हसत हसत सांगितलं. सांगून झाल्यावर ते हसले नाहीत.

टिटव्या गेल्या, हे रातकिड्यांसारखं साधं प्रकरण नव्हतं. आमच्या वस्तीत मृगाच्या तोंडावर टिटवीची अंडी बघतात. उंचवट्यावर घातली असली तर पाणी चांगलं, खोलगटात असली तर बेताचं, आणि माळावर अंडीच नसली तर मेंढरं घेऊन गंगेकडं निघायचं, पालमच्या अंगाला. गंगा म्हणजे गोदावरी, पण आमच्याकडं गोदावरी कुणी म्हणत नाही. अंडी बघायचं काम मामांचं. त्यांच्या वडिलांचंही तेच होतं. अंडी मातीच्या रंगाची, उघड्यावर पडलेली, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. ती कानानं शोधायची. जसजसं जवळ जावं तसतशी टिटवी जास्त बोंबलते. मामा त्या वर्षी सगळा माळ पालथा घालून आले. टिटव्या त्यांच्या डोक्यावरनं बोंबलत गेल्या आणि मामांना एकही अंडं सापडलं नाही.

संध्याकाळी पारावर मेंढरंवाले जमले. किराणा दुकानदारही होता, कारण तो कुठंही असतो. मी पलीकडं हापशावर घागर भरत होते.

"टिटवीनं माळ सोडला," मामा म्हणाले. "अंडी न्हाईत. पाणी न्हाई. परवा निघायचं."

आणि माझ्या देवा, तेवढ्यात पारावरनं टिटवी गेली. एकटी, खालून, नरड्याच्या शिरा ताणून ओरडत. सगळ्यांनी वर बघितलं. मग सगळ्यांनी खाली बघितलं. दुकानदार पायातली चप्पल न्याहाळायला लागला.

"बरं," एक जण म्हणाला.

"परवा तर परवा," दुसरा म्हणाला.

माझी घागर भरून वाहत होती, तरी मी हापसतच होते. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! वस्तीतल्या झाडून सगळ्यांना ठाऊक होतं की म्हाताऱ्याला ऐकू येत नाही, आणि एका म्हाताऱ्याचा शब्द पडू नये म्हणून हे सगळे बाप्ये बिऱ्हाड घोड्यावर लादून पालमला निघणार होते. यांच्या सभ्यपणाला काय म्हणावं?

रात्री जेवताना मी मालकांपाशी विषय काढला.

"अहो, मामांना सांगा की."

"काय सांगू?"

"ऐकू येत न्हाई म्हणून."

"त्यांना ठावं असंल."

"ठावं असतं तर टावरला शिव्या घातल्या असत्या का?"

सासूबाई चुलीपाशी होत्या. म्हणाल्या, "मला इचारशील तर त्यांना माझं लगीन झाल्यापासनंच ऐकू येईना." आणि भाकरी थापत राहिल्या.

मालकांनी घास खाली ठेवला. "बापाला कसं सांगू, तू बहिरा झालास? आन् सांगितलं तर उद्यापासनं ते माळावर जायचे न्हाईत. वसरीत बसतील. वसरीत बसलेलं म्हातारं किती दिस टिकतंय, तुला ठावं हाय."

"आन् पालमच्या वाटंनं डांबरी सडकंवर टिपर मागून आला तर?"

मालकांनी भाजी मागितली. मी वाढली, जरा जोरातच वाढली. झोप काही लागली नाही. मला मामांची भीती वाटत होती आणि मामांसाठीही भीती वाटत होती, आणि बाहेर ते संपलेले रातकिडे गळा काढून बसले होते.

मला अंडी कुठं आहेत ते ठाऊक होतं. शेततळं खोदलं तेव्हाचा मुरुमाचा ढीग माळाच्या कडेला तसाच पडलेला. त्याच्या टाळूवर टिटवीनं अंडी घातली होती. शेळ्या तिकडं गेल्या की ती असा काही तमाशा करायची की आंधळ्यालाही सापडली असती. मामांनी तो ढीग बघितला नव्हता, कारण तो माणसांनी केलेला, आणि त्यांच्या हिशेबी टिटवी माणसाच्या ढिगावर जात नाही.

सकाळी मेंढरं माळावर आली. मी कुत्र्याला म्हटलं, "मामांना म्हणावं ढिगाकडं चला." मामा टॉवरला शिव्या देत होते. पुन्हा म्हटलं. काही नाही. मग मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले आणि हातानं बोलावलं. शेरडाला बोलवावं तसं सासऱ्याला. मामा आधी चमकले, मग त्यांना वाटलं एखादी शेळी अडली असेल, म्हणून मागं आले.

ढिगावर चढून मी बोट दाखवलं. चार अंडी, टोकं आत, मुरुमाच्या खड्यांत खड्यासारखी. मामा वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. तेवढ्यात टिटवी आली आणि आमच्या डोक्यावर झेपा टाकायला लागली. एक झेप तर इतकी खालून, की मामांचा पटका हलला. मामांनी वर बघितलं. टिटवी वळली, पुन्हा त्यांच्या तोंडावर आली. तिची चोच उघडत होती, मिटत होती, उघडत होती.

मामा त्या चोचीकडं बघत राहिले.

मग सवयीनं कुत्र्याला म्हणाले, "ही वरडायलीय का रं?" कुत्र्यानं शेपूट हलवलं. मामा माझ्याकडं वळले. लग्नाला माझ्या इतकी वर्षं झाली, पोरं कॉलेजात गेली, पण त्यांनी माझ्या डोळ्याला डोळा दिला तो त्या दिवशी. "बाई, ही वरडायलीय का?"

"व्हय," मी म्हटलं. पदरातच. मामा आता माझ्या तोंडाकडं बघत होते, टिटवीच्या चोचीकडं बघितलं तसंच. मला काय झालं कुणास ठाऊक. मी पदर सोडला आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "व्हय!"

मेंढरांनी माना वर केल्या. टिटवीही क्षणभर गप झाली असावी.

मामा मुरुमावर खाली बसले. पटका काढून मांडीवर ठेवला. त्यांचं डोकं एवढं पांढरं आहे हे मी तेव्हा पाहिलं. मला रडू फुटलं. तोंडात पदर कोंबायची सोय नव्हती, कारण बोलायचं होतं.

"चंडोल?" मामांनी विचारलं.

"हाय!"

"लावा?"

"हाय!"

"तितर?"

"हाय मामा!"

"आन् रातकिडे?"

"लय हायेत! झोपू देईनात!"

मामांनी सगळ्या माळावरनं नजर फिरवली. "मंग कुणीच गेलं न्हाई?"

"कुणीच न्हाई!"

त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते हसत होते. मला हे कळेना. मी त्यांना बहिरे झाल्याचं सांगत होते आणि ते असे बसले होते, जसं काही गावाला गेलेली माणसं एकदम घरी आली. "मी मनात म्हणायचो, माळ मेला," ते म्हणाले. "कुणापाशी बोललो न्हाई. लय जीव जायचा." मग टॉवरकडं बघून म्हणाले, "त्याला मी उगं शिव्या घातल्या."

उठता उठता माझ्याकडं बघून म्हणाले, "तुझा आवाज असा हाय व्हय? मी समजत व्हतो, बारीक हाय."

संध्याकाळी ते स्वतःच पारावर गेले. मी हापशावर होतेच. "अंडी हायेत," मामा म्हणाले. "उंचावर हायेत. कुठंबी जायचं न्हाई. आन् मला ऐकू येत न्हाई. तुमाला ठावं व्हतं, गाढवांनो."

"बरं," एक जण म्हणाला. बाकीच्यांनी बिऱ्हाडाच्या दोऱ्या सोडल्या. पाऊस त्या वर्षी पडायचा तेवढा पडला, टिटवीला नावं ठेवण्यासारखं काही झालं नाही.

मालकांनी मामांना परभणीला नेऊन कानाचं मशीन आणलं. मामांनी ते एक दिवस लावलं. म्हणाले, वारा लय बोलतोय, पाखरं डबा बडवल्यासारखी वाजतायत, आणि सासूबाई स्पष्ट ऐकू यायल्यात. दुसऱ्या दिवशी मशीन डबीत गेलं. लग्नकार्याला लावतात.

माळावर मामा अजून जातात, फक्त एकटे नाही. मी कळपाच्या एका अंगाला, ते दुसऱ्या अंगाला. मधेच काठी वर करून विचारतात, "काय म्हणतंय आज?" आणि मी ओरडून सांगते. वस्तीत बोलणं झालं की फलाण्याची सून सासऱ्यावर माळभर ओरडते. सुरुवातीला मला लाज वाटायची. आता मीच शेजारणीला म्हणते, ओरडते, काय करतीस?

मोर मात्र मामांना ऐकू यायचा. टिटव्या गेल्या, तितर गेला, पण मोर ओरडला की मामा हमखास त्या बाजूला मान वळवायचे. झाडात घुमणारा होला आणि मोर, एवढं त्यांचं स्वतःचं उरलं होतं, आणि तेवढं मी कधी ओरडून सांगायची नाही.

परवा सकाळी ओढ्यात मोर ओरडला. खणखणीत, तीनदा. मामांनी मान वळवली नाही. मी थांबले. मोर पुन्हा ओरडला. मामा समोर बघत चालले होते.

थोड्या वेळानं त्यांनी काठी वर केली. "आज मोर न्हाई का गं?"

संपले असं नाही म्हणाले. विचारलं.

"हाय मामा!" मी ओरडले.

त्यांनी कानामागं हात नेला. "जरा मोठ्यानं बोल की, बाई."

मी माझ्या सगळ्या जोरानं ओरडले होते. शेळ्या थबकल्या होत्या.

मग मी कळपाला वळसा घालून त्यांच्यापाशी गेले. कुत्रं नेहमीसारखं आमच्या मधे येऊन उभं राहिलं होतं, त्याला पायानं बाजूला सारलं. मामांच्या खांद्याला धरलं, त्यांच्या कानाला तोंड लावलं आणि म्हटलं, "मोर हाय. होला हाय. टिटवी हाय. सगळी हायेत."